माझ्या यादीतला पंप

आमच्या गोदामाच्या भिंतीवर एक कागद तीन महिने चिकटवलेला होता. गाड्यांनी डिझेल कुठे भरायचं, कुठे नाही, याचा नियम त्यावर होता आणि तो मी लिहिला होता. त्या तीन महिन्यांत गोदामातल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होतं की त्या नियमात एक ढळढळीत चूक आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त मला आणि सेठजींना. सेठजींचं एक वेळ समजू शकतं, ते गादी सोडून फारसे कुठे जात नाहीत. मी मात्र दिवसभर त्याच गाड्यांकडे बघत बसलेली असायचे.

देवासला आमची किराणा मालाची एजन्सी आहे. आमची म्हणजे सेठजींची, मी तिथे नोकरीला आहे. बिस्किटं, साबण, चहाची पुडकी, काडेपेट्या असा माल चार टेंपोंत भरून रोज सकाळी निघतो. एक टेंपो गावात फिरतो, एक सतवासकडे जातो, दोन धारच्या बाजूला. प्रत्येक टेंपोत एक छोटी डबी बसवली आहे. गाडी जिथे जाईल तिथे ती माझ्या कॉम्प्युटरवर एक निळी रेघ ओढत जाते. त्या रेघा बघणं आणि ड्रायव्हरांनी मोबाइलवर पाठवलेले पावत्यांचे फोटो लावून ठेवणं हे माझं काम. बोलावं फारसं लागत नाही, म्हणून मला ते आवडलं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, परीक्षेत इंग्रजी, असं माझं सगळं वाटलेलं आहे. तिन्ही भाषा मिळून मी एका माणसाइतकंही बोलत नाही, असं आई म्हणते. मराठी वाचायला मी कॉलेजात गेल्यावर शिकले, आजोबांच्या कपाटातले जुने दिवाळी अंक पुढ्यात घेऊन. आजोबा मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते. ती शाळा आता हिंदी माध्यमाची झाली आहे आणि आजोबाही राहिले नाहीत, पण त्यांचे विद्यार्थी देवासात अजून भेटतात. त्यातला एक आमच्याच गोदामात निघाला.

हे आमच्यातले सर्वांत जुने ड्रायव्हर. सगळे त्यांना काका म्हणतात, सेठजीसुद्धा. मी कामावर आले त्या दिवशी मी कोणाची कोण हे त्यांनी दोन प्रश्नांत काढून घेतलं, मग खिशातला रुमाल काढून माझी खुर्ची पुसली आणि म्हणाले, "बसावं, ताईसाहेब." तेव्हापासून मी ताईसाहेब. मला ते फार अवघड वाटायचं. माझ्या दुप्पट वयाच्या माणसाने मला आपण-जावं-यावं करायचं आणि मी मान खाली घालून कीबोर्डकडे बघायचं, असा आमचा संवाद.

नियमाची गोष्ट अशी, की पावसाळ्याआधी सतवासच्या वाटेवर एक टेंपो बंद पडला. मेकॅनिकने टाकी उघडली तर डिझेलमध्ये पाणी. कुठल्या पंपाचं ते काही कळलं नाही, कारण ड्रायव्हर मनाला येईल तिथे भरत होते. सेठजी चिडले. आता यापुढे ठरलेल्या पंपांवरच भरायचं, म्हणाले. शिवाय सकाळी देवासहून निघताना अर्धीच टाकी भरायची आणि उरलेली वाटेत, कारण भरलेली टाकी गोदामाबाहेर रात्रभर उभी राहिली की आपोआप हलकी होते, असा त्यांचा अनुभव होता. पंप निवडायचं काम माझ्याकडे आलं. "तू पढ़ी-लिखी है बेटा, नक्शे में देख के बना दे," असं ते म्हणाले.

मी नकाशात बघून यादी बनवली. मन लावून बनवली. देवासचा एक पंप, सतवासच्या वाटेवरचा एक आणि धारच्या थोडा अलीकडे एक. धारकडच्या दोन पंपांत मला निवड करायची होती. एकाला लोकांनी भरपूर तारे दिले होते, फोटोत स्वच्छ छप्पर, फुलांच्या कुंड्या. दुसऱ्याचा एकच फोटो होता आणि त्यात पंपापेक्षा म्हैस जास्त दिसत होती. मी कुंड्यांचा पंप घेतला. यादी टाइप केली, खाली तीन ओळी लिहिल्या: यादीबाहेर भरू नये, पावतीचा फोटो लगेच पाठवावा, तीनदा नियम मोडल्यास गाडीचा रूट बदलला जाईल. शेवटची ओळ सेठजींची.

चौघांना उभं करून मी तो कागद वाचून दाखवला. आयुष्यात चार माणसांसमोर काही वाचण्याची ती माझी पहिलीच वेळ. धारचा पंप आला तेव्हा धाकट्या ड्रायव्हरने तोंड उघडलं. हा कोणालाही भियाच, म्हणजे भैया, म्हणतो, सेठजींना, पोलिसाला, एकदा तर देवळातल्या पुजाऱ्याला, म्हणून इथे मी त्यालाच भिया म्हणते. भियाने तोंड उघडलं आणि काकांना खोकला आला. भियाने तोंड मिटलं. सतवासवाला छताकडे बघत होता. मी मनात म्हटलं, काकांना सर्दी झालेली दिसते.

दुसऱ्याच दिवसापासून पडद्यावर एक नवीनच चित्र दिसू लागलं. धारकडे जाणारी निळी रेघ सरळ जायची आणि धारच्या अलीकडे एकदम गाठ मारायची. पुढे जायची, मागे यायची, बरीच मागे यायची, पुन्हा पुढे जायची. स्वेटर विणताना टाका सुटल्यावर आई करते तसं काहीतरी. मला वाटलं, तिथे कचोरीचं दुकान असणार. चार दिवस वाट बघून मी भियाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, उधर की हवा अच्छी है." पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं तेव्हा टायर थंड करायला फिरवतो म्हणाला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने काकांकडे बोट दाखवलं. काकांना विचारायला मला दोन दिवस धीर गोळा करावा लागला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रस्ता आहे, ताईसाहेब. वळतो कधीकधी."

मी वहीत नोंद केली: धारजवळ विनाकारण फेरी. कचोरीबद्दलचा संशय कंसात.

काकांचे आठवड्यातून दोन दिवस धारचे, बाकीचे त्याच वाटेवरच्या अलीकडच्या गावांतले. सोमवारी धारपर्यंत जाऊन परत. गुरुवारी मोठा फेरा, धारवरून खाली निसरपुरापर्यंत, तिथून धरमपुरीला माल देऊन आग्रा रोडने घरी. निसरपुरात त्यांची थोरली बहीण राहते. आक्का. तिच्याशिवाय काकांना सख्खं असं कोणी नाही. धरणाचं पाणी वाढलं तेव्हा आक्काचं नदीकाठचं घर गेलं, आता ती वर नवीन वस्तीत राहते, जिथे शेजारी अजून ओळखीचे झालेले नाहीत. गुरुवारी दुपारी निसरपुरातली दुकानं मिटतात आणि धरमपुरीला पोहोचायला थोडा अवधी असतो. तेवढा अर्धा तास काका आक्काकडे जेवायला जातात. वर्षानुवर्षं. हे सगळं मला भियाने सांगितलं, कारण काका स्वतःबद्दल गाडीच्या नंबरापलीकडे काही सांगत नाहीत.

तर गुरुवारी काकांची रेघ गाठ मारीनाशी झाली. पहिले काही आठवडे त्यांनी मारली. मग एका गुरुवारी रेघ सरळ गेली आणि संध्याकाळी मोबाइलवर पावतीचा फोटो आला, अगदी सरळ, चारी कोपरे दिसतील असा. पावती म्हशीच्या पंपाची. सोमवारी पुन्हा गाठ, पुन्हा माझा पंप. पुढच्या गुरुवारी पुन्हा म्हैस. लपवाछपवी काही नाही. मी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा "हो ताईसाहेब, चुकलं" म्हणाले. दुसऱ्यांदा सेठजींनी सांगितलं, तेव्हाही चुकलं म्हणाले. तिसऱ्यांदा पावती आली तेव्हा मी ती दोन तास कोणालाच दाखवली नाही. पण सेठजी पावत्या स्वतः चाळतात.

"काका की वहाँ कुछ सेटिंग होगी," ते म्हणाले. रागाने नाही, वाईट वाटून म्हणाले. काकांना सोमवारपासून पुढे सतवासचा टेंपो द्यायचा असं त्यांच्या मनात आलं. सतवास म्हणजे बरोबर उलटी दिशा. तिथून निसरपूर कधीच वाटेत लागणार नाही. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. गुरुवारी तू गाडीत बसून जा, म्हणाले, त्या पंपावर असं काय आहे ते बघ आणि शनिवारी मला सांग. मग ठरवू.

मी नाही म्हणू शकले असते. पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

आईने काका कोण, आजोबांच्या कुठल्या वर्गात होते, आणि गाडीत आणखी कोण, एवढं विचारलं आणि दशम्या करायला घेतल्या. गुरुवारी सकाळी टेंपोची माझ्या बाजूची सीट घडी घातलेल्या चादरीने झाकलेली होती. समोर उदबत्ती लावलेली. काकांनी गाणी लावली नाहीत. मीही काही बोलले नाही. इंदूरचा बायपास आला आणि गेला तरी आम्ही दोघं शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबासमोर बसावं तसे बसलो होतो, आणि यातला साहेब कोण ते दोघांनाही नक्की नव्हतं.

काका मधूनमधून घड्याळ बघत होते.

धारच्या अलीकडे डाव्या हाताला म्हशीचा पंप दिसला. फोटोतली म्हैस तीच असावी. पंपावरच्या माणसाने टेंपो ओळखला, हात वर केला आणि गाडी आत येईल म्हणून बाजूला सरकला. काका थांबले नाहीत. तो हात तसाच वर राहिला. मला समजलं, काका आज नियम पाळणार. मला जरा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

मग माझा पंप दिसला. छप्पर, कुंड्या, सगळं फोटोतल्यासारखं. फक्त तो रस्त्याच्या पलीकडे होता. मध्ये कमरेइतका दुभाजक. त्यात कण्हेर लावलेली. आम्ही त्याच्या समोरून पुढे निघून गेलो.

बरंच पुढे गेल्यावर दुभाजकात एक कट आला. तिथे समोरच्या ट्रकांची रांग संपेपर्यंत थांबलो, वळलो, मागे आलो, पंपात शिरलो. काकांनी डिझेल भरलं, पावती घेतली, फोटो काढून मला पाठवला. मी शेजारीच बसले होते. माझा मोबाइल मांडीवर वाजला. मग गाडी पंपातून निघाली ती इंदूरच्या दिशेने, कारण दुसरीकडे जाताच येत नव्हतं. दुभाजकापलीकडे म्हशीचा पंप पुन्हा दिसला. तो माणूस आता कमरेवर हात ठेवून बघत होता.

"काका, हा पंप मघाशी लागला होता ना?"

"हो," काका म्हणाले. "आता तिसऱ्यांदा लागेल."

अलीकडचा कट आणखी लांब होता. तिथे वळलो आणि पुन्हा धारकडे निघालो. म्हशीचा पंप तिसऱ्यांदा लागला तेव्हा त्या माणसाने आम्हाला हात जोडले. कुंड्यांचा पंप पलीकडून पुन्हा गेला. माझे कान तापले होते. पडद्यावरची ती गाठ, ती सगळी विणकाम बिघडल्यासारखी रेघ, मी आता तिच्या आतून फिरून आले होते. मी नकाशा लांबून बघितला होता, आणि लांबून रस्ता एकच दिसतो. आमच्या गाड्या धारकडे जातात मालाने भरलेल्या आणि डिझेल भरतात जाताना. सोमवारीही, गुरुवारीही. माझा पंप धारकडून येणाऱ्यांसाठी होता.

"सगळ्यांना ठाऊक होतं?" मी विचारलं.

काकांनी गिअर बदलला. "सतवासवाल्याला उशिरा कळलं."

"मग सांगितलं का नाहीत? भिया सांगत होता, तुम्ही खोकलात. मला आठवतंय."

"आपण कागद वाचत होता. सगळे उभे होते," काका म्हणाले. "मास्तरांनी मला अक्षरं दिली. त्यांच्या नातीला चार माणसांत चुकलं म्हणायचं, हे काही माझ्याच्याने होणार नव्हतं."

"चार माणसांत नको. मला एकटीला सांगायचं."

"एकट्या असता तेव्हा कानात वायरी असतात."

त्या वेळीही एक वायर कानात होती. गाणं चालू नव्हतं, पण होती. मी ती काढून पर्समध्ये ठेवली. काकांनी रस्त्यावरून नजर हलवली नाही, पण मला वाटतं ते हसले.

मग त्यांनी गुरुवारचं सांगितलं, दोनच वाक्यांत. सोमवारी घाई नसते, सोमवारी ते आनंदाने फेरी मारतात. गुरुवारी ती फेरी बरोबर आक्काचा अर्धा तास खाते. आणि आज का मारलीत, असं मी विचारलं तर म्हणाले, "आपण गाडीत आहात. आपल्यादेखत आपलाच नियम मोडायचा म्हणजे..." आणि त्यांनी घड्याळ बघितलं.

निसरपुरात पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. शेवटचं दुकान अर्धं शटर ओढून आमचीच वाट बघत होतं. माल उतरवून झाल्यावर काकांनी घड्याळ बघितलं आणि आक्काच्या वस्तीकडे न वळता गाडी मोठ्या रस्त्याला लावली. धरमपुरीचे दुकानदार बाजार भरल्यावर माल घेत नाहीत. वळणावर लिंबाखाली एक बाई उभी होती. पांढरे केस, नऊवारी नेटकी, हातात स्टीलचा डबा. उशीर झाला की ती इथे येऊन उभी राहते, हे कोणी सांगायची गरज नव्हती. लिंबाची सावली तिच्यावरून केव्हाच सरकून गेली होती, पण ती जागा सोडून हलली नव्हती. काकांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं नाही.

"जेवलास?" तिने विचारलं.

"जेवेन."

"मागच्या वेळी बसलास तरी. आज तेही नाही." मग तिने वाकून माझ्याकडे पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत. "हीच का ती पंपवाली?"

निसरपुरापर्यंत पोहोचलं होतं. मी खिडकीतून हात जोडले आणि नमस्कार म्हणाले, म्हणजे तोंड हललं, आवाज आला की नाही सांगता येत नाही.

"लहानच आहे की," आक्का काकांना म्हणाली. आणि तो डबा तिने काकांच्या हातात न देता माझ्या हातात दिला. "खाऊन घे गं. वाळली आहेस."

पाच मिनिटंही झाली नसतील. गाडी निघाली तेव्हा आरशात ती बराच वेळ दिसत होती. काकांनी आरशात बघितलं नाही. डब्यात पुरणाची दिंडं होती, काकांना आवडतात म्हणून केलेली. ती मी खाल्ली, आणि माझ्या दशम्या काकांनी. धरमपुरीला नदी दिसेपर्यंत आम्ही कोणीच काही बोललो नाही, पण सकाळचं न बोलणं आणि हे न बोलणं यांत फरक होता.

शुक्रवारभर मी आरशासमोर हिंदीत तयारी केली. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती आणि मधूनच "मोठ्याने" असं ओरडत होती.

शनिवारी सकाळी माल भरायच्या आधी सेठजींनी सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर कागद, कागदाशेजारी आमचा काळा फळा. त्यावर खडूने कुठला टेंपो कोणाकडे ते लिहिलेलं असतं. सेठजी खडू हातात घेऊनच उभे होते.

"तो, क्या देखा?"

मी म्हटलं, पंप चुकीच्या बाजूला आहे, यादी मी बनवली, चूक माझी आहे. तीन वाक्यं. मला वाटलं, झालं.

पण ड्रायव्हर लोक मला अशी सोडणार नव्हते. भिया पुढे आला. "नहीं सेठ. ताई का पंप एकदम बढ़िया है. हवा मुफ़्त, पानी ठंडा." गावात फिरणारा म्हणाला की फुलंही छान आहेत. सतवासवाला धारकडे आयुष्यात एकदा, लग्नाला गेला असेल. त्यानेही मान हलवून त्या पंपाची वर्तणूक चांगली असल्याचं सांगितलं. मी सेठजींना सांगत होते की माझं चुकलंय, आणि तिघं मिळून मला खोटं पाडत होते, इतक्या प्रेमाने की रागवायचीही सोय नव्हती. शेवटी काका बोलले.

"नियम सही है, सेठजी. मैंने तोड़ा."

सेठजींनी माझ्याकडे बघून हात पसरले. हे स्वतःच मान्य करतायत, मी काय करू, असा तो हात होता. आणि ते फळ्याकडे वळले, काकांच्या नावापुढचं धार पुसायला.

मी त्यांच्या हातातला खडू काढून घेतला. घेतला म्हणजे अक्षरशः. नंतर मला दोन दिवस त्याची लाज वाटत होती. सेठजी बाजूला झाले, माझ्या धाकाने नाही, आश्चर्याने. मी फळ्याच्या रिकाम्या कोपऱ्यात दोन रेघा ओढल्या, मधे दुभाजक, वर धार, खाली देवास. पंप कुठे काढायचा म्हणून वळले तर चौघंही जमिनीकडे बघत होते. मी काढला असता तर पुन्हा माझंच म्हणणं झालं असतं. गाडी चालवणाऱ्याने काढायला हवा होता.

"काका," मी मराठीत म्हटलं, "आजोबांच्या वर्गात उदाहरण चुकलं की आजोबा काय म्हणायचे?"

माझा आवाज गोदामाच्या पत्र्यावर जाऊन परत आला होता, एवढा तो मोठा निघाला होता.

"पुसा म्हणायचे," काका म्हणाले.

"आणि?"

"आणि पुन्हा मांडा."

"मग या."

ते आले. फळ्याजवळ येताना त्यांनी सवयीने चपला काढल्या. माझ्या हातातून खडू घेतला आणि सावकाश, अक्षर गिरवावं तसा, एक चौकोन उजव्या रेघेच्या पलीकडे काढला, एक डाव्या रेघेच्या डावीकडे. मग टेंपोची वाट काढली. खालून वर, कटपर्यंत, वळून खाली, पंपात, आणखी खाली, दुसऱ्या कटपर्यंत, वळून पुन्हा वर. माझी पडद्यावरची गाठ फळ्यावर आली. भियाला राहवलं नाही, तो म्हणाला, "और यहाँ भिया, ट्रक वाले घुसने नहीं देते," आणि बोटाने पहिला कट दाखवला. मग सगळेच बोलू लागले. दुसऱ्या कटाला खड्डा आहे. कण्हेरीमुळे समोरची गाडी दिसत नाही. त्या पंपावरचा थंड पाण्याचा नळ तर केव्हापासूनच बंद आहे.

सेठजींनी ते चित्र जवळ जाऊन पाहिलं. "तीन महीने से सब गोल-गोल घूम रहे थे? और किसी ने बोला नहीं?"

भिया म्हणाला, "ताई ने इतने मन से लिखा था, सेठ."

काकांचं धार पुसलं गेलं नाही. म्हशीच्या पंपाचं डिझेल आधी बाटलीत घालून मेकॅनिककडे पाठवण्यात आलं, कारण सेठजी अशा बाबतीत कोणावर विश्वास ठेवत नाहीत. ते चांगलं निघालं. मी नवीन यादी केली, या वेळी प्रत्येक पंपापुढे बाजू लिहिली. आता नवीन नियम वाचून झाल्यावर प्रत्येक ड्रायव्हरने त्यातली एक तरी खोट सर्वांसमोर सांगायची, असंही सेठजींनी ठरवून टाकलं. हे ड्रायव्हरांना फार जड जातं. गेल्या वेळी सतवासवाला पाच मिनिटं विचार करून म्हणाला की कागद जरा वाकडा चिकटवला आहे. भिया अजूनही अधूनमधून कुंड्यांच्या पंपाकडे वळतो, डिझेलसाठी नाही. तिथल्या चहाची सवय लागली, म्हणतो. वहीत कंसात लिहिलेलं मी खोडलेलं नाही.

आक्काचा डबा माझ्याकडेच राहिला होता. रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून आईने त्यात लाडू भरले आणि मी तो गुरुवारी काकांकडे दिला. पुढच्या गुरुवारी तो पुन्हा भरून आला. तेव्हापासून तो असाच जातो-येतो.

परवाच्या गुरुवारी सेठजी माझ्या पाठीमागे येऊन पडद्याकडे बघत उभे राहिले. काकांची रेघ धारवरून सरळ खाली उतरली होती, एकही गाठ न मारता, आणि निसरपुरात येऊन थांबली होती. अर्धा तास होऊन गेला होता. आता तर चाळीस मिनिटं होत आली होती.

"ये इतनी देर क्यों रुका है?" त्यांनी विचारलं.

मी कानातली वायर काढली.

"रस्ता है, सेठजी," मी म्हटलं. "रुकता है कभी-कभी."